कॉलेजच्या गेटसमोर प्लॉट घेऊन किरायाच्या खोल्या काढाव्या का? (वर्धा-यवतमाळ पट्टा)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून मागच्या वर्षी निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) असं सगळं धरून हातात साधारण ३२ लाख आहेत. आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवर एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याच आवारात डिप्लोमा आणि फार्मसी. गेटच्या अगदी समोर ले-आउट पडलाय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथले अर्धे सभासद सातबारा घेऊन पोचतील.

बाबांचा हिशेब असा. १८०० चौरस फुटांचा प्लॉट, खाली चार खोल्या, वर चार. प्लॉट, बांधकाम, रजिस्ट्री मिळून ३२ लाखांत बसतं. एका खोलीत दोन पोरं, प्रत्येकी १५०० रुपये. महिन्याला २४,०००, वर्षाला २,८८,०००. म्हणजे ९ टक्के, आणि प्लॉटचा भाव वाढेल तो वेगळाच. दलाल म्हणतो, "सर, डोळे झाकून घ्या." बाबांनी आयुष्यभर पोरांच्या वहीतली काना-मात्रा सोडली नाही, पण इथे मात्र खरंच डोळे झाकलेत. पुढच्या आठवड्यात इसार द्यायचा आहे. कोणी असं केलं असेल तर सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

बारा महिने कसे काय धरले भाऊ तुमी? पोट्टे पेपर झाले का बॅग भरते अन् घरी जाते. जून-जुलैचा किराया कोणीच देत नाई. मागतला त खोली सोडून देते, अन् शाळा-कॉलेज उघडलं का बाजूच्याकडे जाते. फस्ट इयरवाल्याची तं गोष्टच सोडा. सीईटीचे राऊंड संपता संपता पोळा येऊन जाते. तो गडी सप्टेंबरात येईन अन् मे मंदी जाईन. नऊ महिने धरा, लय झालं त दहा.

हिशेबी

ठेचाभाऊंनी सांगितलं तेच आकड्यात मांडतो. १६ जागांपैकी १४ भरल्या असं धरू. १४ गुणिले १५०० गुणिले १० महिने, झाले २,१०,०००. त्यातून बोअरची मोटर, रंग, नळाच्या तोट्या, घरकर, वरच्या टाकीची सफाई असे वर्षाचे ३०,००० काढा. राहिले १,८०,०००. ३२ लाखांवर हे साडेपाच टक्क्यांच्या जरा वर जातं.

बाबा साठीच्या पुढे असतील तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना २०२३ पासून ८.२ टक्के देते आहे आणि तिची मर्यादा ३० लाख आहे. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात. त्यासाठी कोणाची तुंबलेली मोरी मोकळी करावी लागत नाही.

किरायाच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. व्याज करपात्र असतं, तर घरभाड्यात भरलेला घरकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. आणि पोस्टातली मुद्दल वाढत नाही, जमीन वाढू शकते. 'शकते' हा शब्द दोनदा वाचा.

रिकामी_खोली

माझं सदस्यनाम बघूनच कळलं असेल. २०११ मध्ये एका पॉलिटेक्निकच्या कुंपणाला लागून सहा खोल्या बांधल्या. तेव्हा पोरं व्हरांड्यात गादी टाकायलाही तयार होती. पहिली तीन वर्षं अशी गेली की गावातल्या लोकांनी माझ्याकडे बघून बाजूला अजून चाळीसेक खोल्या उभ्या केल्या. मग प्रवेश कमी होत गेले. आधी एक शाखा बंद झाली, मग दुसरी. कॉलेज आजही आहे, पाटी आहे, वॉचमन आहे. पण वर्गात बाक जास्त आणि पोरं कमी.

पडती बाजू आली की चाळीस खोल्यांचे मालक एकमेकांचे वैरी होतात. कोणी १२०० ला देतो, कोणी ९०० ला, कोणी वायफाय फुकट देतो. मी ७०० पर्यंत उतरलो आणि मग सोडून दिलं.

आता चार खोल्यांत सोयाबीन आणि तूर असते. दोन खोल्या एका कृषी केंद्रवाल्याला खतासाठी दिल्या आहेत. तो किराया एक तारखेला देतो, पोट्ट्यांनी कधी दिला नव्हता इतका वेळेवर. पण युरियाला पाणी सुटतं आणि भिंतीचं प्लास्टर गुडघ्यापर्यंत फुगून हाताने निघतं. मागच्या खोलीत बोट घातलं तर वीट लागते.

संत्राबर्फी, दलालाला विचारू नका, सीईटी सेलच्या संकेतस्थळावर जा. प्रत्येक फेरीनंतर कोणत्या कॉलेजात कोणत्या शाखेला किती जागा रिकाम्या आहेत ते तिथे दिसतं. मागची चार-पाच वर्षं काढा आणि एका कागदावर उतरवा. बाबा मुख्याध्यापक होते म्हणता, त्यांना पटसंख्या घसरताना कशी दिसते ते शिकवायची गरज नाही.

मूळगाव_पुसद

पुसदला बाबासाहेब नाईक इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे. शेगावचं गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच वर्षीचं. अशा जुन्या, नाव असलेल्या कॉलेजांची गोष्ट वेगळी, तिथे पोरं येतातच. तरी मी पुण्यात बसून पुसदच्या तीन खोल्या सांभाळू शकलो नाही. किराया शेजारच्या काकांकडे जमा व्हायचा आणि काकांच्या हिशेबात दर महिन्याला काहीतरी 'रिपेरिंग' असायचं. विकून टाकल्या. जिथे रोज चक्कर मारता येत नाही तिथे घेऊ नका.

मेसवाली_ताई

अकरा वर्षं झाली, माझ्या घरी मुली राहतात. सध्या नऊ आहेत. माझं घर कॉलेजच्या गेटसमोर नाही, तिथून तीन किलोमीटरवर, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. आणि मे-जून सोडला तर एक खाट रिकामी राहिली नाही.

गेटचं महत्त्व मुलांना. मुलीचा बाप येतो तेव्हा आधी पाणी पितो, मग मान वळवून घर बघतो आणि विचारतो, "घरात कोण कोण असते?" किराया तो सगळ्यात शेवटी विचारतो. शेतातल्या ले-आउटमध्ये, जिथे सात वाजता अंधार पडतो आणि समोर फक्त पानठेला आहे, तिथे तो मुलगी ठेवून जाणार नाही. तुम्ही संगमरवर लावा नाहीतर काहीही लावा.

आणि येणाऱ्या मुली वाढल्या आहेत हेही खरं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली. आधी जी मुलगी गावातच बी.ए. करायची ती आता इंजिनिअरिंगला येते. पण राहण्या-जेवण्याचा खर्च बापाच्याच खिशातून जातो, म्हणून तो रुपया-रुपया मोजतो.

आता किरायाचं. माझ्याकडे एक वही आहे, त्यात तारखेच्या रकान्यात मी '१ तारीख' लिहीतच नाही. 'सोयाबीन', 'कापूस', 'तूर' असं लिहिते. प्रवेश होतात ऑगस्ट-सप्टेंबरात आणि शेतकऱ्याचा हात सगळ्यात रिकामा तेव्हाच असतो. पेरणी, खत, निंदण सगळं होऊन गेलेलं, माल मात्र अजून शेतात. पांढरकवड्याकडचे एक भाऊ मुलीला सोडायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, पोळ्याला बैलाचा साज नवा नाही घेतला औंदा. कापूस निघाला की देतो." दिवाळीनंतर चार महिन्यांचे एकदम दिले आणि जानेवारीत वीस किलो तुरीची डाळ आणून टाकली, घरच्या चक्कीवर भरडलेली. ती मी मेसच्या पैशांत वळती केली. अकरा वर्षांत दोघांनी माझे पैसे बुडवले. दोघेही पगारदार होते.

एक तारखेला बँकेचा हप्ता भरायचा असेल तर हा धंदा करू नका. कर्ज काढून तर मुळीच नको.

पाण्याचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. नऊ मुली, सगळ्यांचं कॉलेज एकाच वेळी. सकाळी सहा ते साडेसातमध्ये हजार लिटरची टाकी संपते. एप्रिल लागला की बोअर वीस मिनिटं पाणी देते, मग मोटर नुसती हवा ओढते. मी मोटरचा आवाज झोपेत ओळखते. आवाज पातळ झाला की उठून बटण बंद, नाहीतर मोटर जळलीच समजा. तासाभराने परत चालू. त्यात शॉवर लावायची चूक केली होती, एका महिन्यात काढून बादल्या दिल्या.

आणि वीज. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. सगळ्या खोल्या एका मीटरवर घेतल्या आणि मे महिन्यात प्रत्येकीचा कूलर रात्रभर फिरला की युनिट तीनशेच्या पार जातात आणि वरचे सगळे महाग पडतात. प्रत्येक खोलीला सबमीटर लावा, नाहीतर "मी तर पंखाच लावते" हे वाक्य नऊ जणींकडून ऐकायची तयारी ठेवा.

मेसशिवाय खोल्या देऊन फार काही उरत नाही. जे उरतं ते जेवणात. रविवारी पाटवडी-रस्सा केला की पुढच्या वर्षीची जाहिरात होऊन जाते.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, पाटवडीचं नाव काढलं अन् धागा भरकटला पा आता.

अजून एक, अप-डाऊनचं कोणी बोललंच नाई. १७ मार्च २०२३ पासून बायकाईले एसटीत अर्धं तिकीट झालं. विद्यार्थ्याचा मासिक पास पयलेपासून तिसऱ्या हिश्शात हाये. तीस-पस्तीस किलोमीटरवाल्या पोट्टीले खोली करून राहाची काय गरज? अन् वर्धा-कळंब रेल्वे २८ फेब्रुवारी २०२४ ले चालू झाली, पुढं यवतमाळ-नांदेडकडं काम चालूच हाये. जिथं गाडी पोचते तिथं खोली सुटते. आपल्या बाबाले म्हणा, गेटसमोर एक दिवस उभे राहून मोजा. बसमधून किती उतरते, गाडीवर किती येते अन् पायी किती येते. पायी येते तेवढंच तुमचं गिऱ्हाईक.

सेवाग्राम_रोड

मेडिकलचं गणित निराळं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, एमबीबीएसची मुलं कॅम्पसवरच राहतात. बाहेर खोली शोधतात ते नर्सिंगवाले, टेक्निशियन, नवे कर्मचारी आणि पेशंटचे नातेवाईक. नातेवाईक दिवसाच्या हिशेबाने पैसे देतात आणि ते उन्हाळ्यातही येतात. नवीन सरकारी मेडिकल कॉलेजं आली म्हणून तिथल्या प्लॉटच्या जाहिराती वाचून उडी मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

ज्युनिअर कॉलेजच्या भरवशावर तर कोणीच खोल्या काढू नका. अकरावी-बारावीच्या पोराचं नाव गावातल्या कॉलेजच्या हजेरीत असतं आणि पोरगं अकोल्याच्या नाहीतर नागपूरच्या क्लासमध्ये.

दस्तलेखक_निवृत्त

तीस वर्षं दस्त लिहिले, म्हणून कागदाचं बोलतो.

प्लॉट घेताना 'एनए आहे' हे तोंडी ऐकू नका. अकृषक आदेशाची प्रत आणि मंजूर ले-आउटचा नकाशा मागा, आणि तुमचा प्लॉट नंबर त्या नकाशात बोट ठेवून दाखवायला सांगा. बरेच 'ले-आउट' म्हणजे शेतात चुन्याने ओढलेल्या रेघा असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर-आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) दिसलं तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. सामाईक सातबारा असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. नागपूरला दिलेली बहीणसुद्धा हिस्सेदारच असते.

किरायाचा करार. 'अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह-लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (अनामत असेल तर तिच्यावरची रक्कम वेगळी धरतात). नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १०००. घरबसल्या ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर करार त्याच्या बापाच्या नावाने करा, अल्पवयीनाची सही चालत नाही.

उंबरठा

सगळे खोली देणाऱ्यांच्या बाजूने लिहीत आहेत. मी खोली घेणारा होतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी डिप्लोमाला प्रवेश मिळाला, सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून स्वाधार योजनेत (वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची सरकारी मदत) अर्ज केला. माझ्या वेळी वर्षाला ४३,००० होते. त्यात २५,००० जेवणाचे, १२,००० राहण्याचे, ६,००० वरखर्चाचे. राहण्याचे १२,००० म्हणजे महिन्याला हजार. संत्राबर्फी, तुमच्या बाबांचे १५०० या हजाराशेजारी ठेवून बघा. त्या योजनेसाठी भाडेकरार जोडावा लागायचा आणि घरमालक करार करून द्यायला तयार नसायचे. "कराराची भानगड नको, राहायचं तर राहा." दस्तलेखक काकांनी वर जे लिहिलं ते मालकांनी वाचलं तर बरं होईल.

दुसरी गोष्ट. एका दिवसात मी सात घरं फिरलो. 'खोली किरायाने देणे आहे' अशी पाटी सातही ठिकाणी होती. पाच जणांनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं आणि मग आठवलं की खोली कालच गेली. सहाव्या घरी आजी होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "रात्री लाइट किती वाजेपर्यंत जाळशील?" तिथे तीन वर्षं राहिलो.

तुमचे बाबा कोणाला काय विचारणार आहेत, ते आधी घरात ठरवा.

संत्राबर्फी

उंबरठा, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. संध्याकाळी म्हणाले, "पाटीवर किराया आणि नियम लिहू. बाकी काही विचारायचं नाही." तेवढ्यावर मी पुढे बोललो नाही.

इसाराची तारीख पुढे ढकलली. सोमवारी मी आणि बाबा सकाळी नऊला कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. बाबांनी जुन्या हजेरीच्या वहीत रकाने आखले होते. साडेदहापर्यंतचा आकडा असा: एसटीतून १४३, काळी-पिवळीतून ३८, दुचाक्यांवर साधारण ११०, कॉलेजच्या बसमधून ९० च्या आसपास. पायी ३१. त्यातल्या १९ जणी एकाच दिशेने, एका घोळक्याने आल्या. टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, गावात एक बाई ठेवतात मुलींना. म्हणजे गेटसमोरच्या पूर्ण ले-आउटसाठी बारा गिऱ्हाईक, आणि तिथे आजच दोन इमारती उभ्या आहेत.

रिक्त जागाही काढल्या. कॉम्प्युटर भरतं, फार्मसी बरी आहे, सिव्हिल आणि मेकॅनिकलमध्ये निम्म्याच्या वर जागा रिकाम्या.

दलालाला नाही म्हणून सांगितलं. आता वेगळाच बेत चालू आहे. काकांची तालुक्याच्या गावात, स्टँडपासून चालत सहा-सात मिनिटांवर गावठाणात जागा आहे, जुनं पडकं घर, विहीर चालू. काका म्हणतात, बांधा आणि निम्मा किराया द्या. चार खोल्या, फक्त मुलींसाठी. बाकीचे २० लाख पोस्टात. बाबा रोज जाऊन बसायला तयार आहेत, निवृत्तीनंतर घरात त्यांचा जीव रमत नाही हे खरं कारण. मेसचा विषय काढला तर आई म्हणाली, "तीस वर्षं तुमचा एक डबा केला, आता सोळा पोरींचे नाही." आठच मुली असतील म्हटलं, तरी नाही. त्यामुळे जेवणाचं बाहेरून बघावं लागेल.

मेसवाली_ताई

तुमच्या आई बरोबर बोलल्या. शेजारची एखादी बाई डबे देते का बघा, खोलीबरोबर बांधून घालू नका. आणि बाबा दिवसा बसतील ते ठीक, पण रात्री घरात बाई कोण राहणार? बाप आधी तेच विचारेल.

दस्तलेखक_निवृत्त

काकांशी 'निम्मा किराया' तोंडी ठरवू नका. जागा त्यांची, बांधकाम तुमचं, उद्या चुलतभाऊ उभे राहतील. आधी कागद, मग पायवा.

संत्राबर्फी

दोन्ही लिहून घेतलं. रात्रीसाठी आत्या तयार होईल असं वाटतं, ती एकटीच असते. शेवटचं विचारतो. खर्च वाचवायला वरच्या दोन खोल्यांवर टिन टाकावं असं मिस्त्री म्हणतो, स्लॅबपेक्षा बरंच स्वस्त पडतंय. चालेल का?

उंबरठा

उन्हाळी पेपर मे महिन्यात असतात. टिनाखाली मी दुपारी अभ्यास केला आहे, वहीवर घाम पडून शाई पसरायची. स्लॅब टाका.

वऱ्हाडी_ठेचा

स्लॅबच टाका भाऊ. अन् रेती आत्ताच टाकून घ्या, पाणी पडलं का घाट बंद होते अन् भाव डबल.